तीन गाठी आणि एक अनिश्चित उत्तर: गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या उपचाराचं एक प्रकरण

या लेखातल्या रुग्णेला मी सुजाताताई म्हणणार आहे. हे त्यांचं खरं नाव नाही. ओळख पटू नये म्हणून घरचे आणि कामाचे काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची संमती आहे. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "माझ्यासारख्या बायकांना आधी कुणीतरी नीट सांगायला हवं."

पार्श्वभूमी

सुजाताताई ३८ वर्षांच्या. पुण्यात सिंहगड रस्त्यावर एका छोट्या गाळ्यात त्यांचं ब्लाउज शिवण्याचं दुकान आहे. पहिले पती अपघातात गेले तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. तो आता १४ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी पुन्हा लग्न केलं. आताचे पती भोसरीच्या एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि त्यांचं हे पहिलंच लग्न. घरात सासूबाईही असतात.

गेली तीन वर्षं पाळीत अंगावरून फार जात होतं. सात-आठ दिवस पाळी चाले. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागे, गुठळ्या पडत, रात्री खाली जुनं दुपटं घालून झोपावं लागे. त्या दिवसांत मापं घ्यायचं काम त्या दुकानातल्या मदतनीस मुलीवर सोपवत, कारण गिऱ्हाइकासमोरून सारखं उठणं नको वाटे. शिवाय तासातासाला लघवीला जावं लागे. गाळ्याला शौचालय नाही, म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं, असा तोडगा त्यांनी स्वतःपुरता काढला होता.

यातलं काहीच त्यांनी 'आजार' म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. जिना चढताना धाप लागू लागली तेव्हा वय झालं असं वाटलं. स्वारगेटला जाताना पीएमपीच्या बसमध्ये चक्कर आली, तेव्हा कुठे रक्त तपासलं गेलं. हिमोग्लोबिन ७.४ निघालं. गर्भवती नसलेल्या बाईत ते १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र रक्तक्षय, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. इतक्या जणींना तो असतो, म्हणून प्रत्येकीच्या बाबतीत "थोडं रक्त कमी आहे" यावर विषय संपतो. ते रक्त जातं कुठे, हा प्रश्न सुजाताताईंनाही तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी पाळी कमी करणाऱ्या गोळ्या अधूनमधून घेतल्या होत्या. लोहाच्या गोळ्या बद्धकोष्ठामुळे सोडल्या होत्या. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लिहिलं होतं: गर्भाशय मोठं झालेलं, अनेक गाठी (फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूपासून वाढणाऱ्या गाठी), सर्वात मोठी साडेसात सेंटिमीटर. त्यावरून एका ठिकाणी त्यांना पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायचा सल्ला मिळाला आणि पुढच्या आठवड्याची तारीखही मिळाली. धाकटी बहीण दुसरं मत घ्यायला म्हणून त्यांना घेऊन आली.

अडचण नेमकी काय होती

कागदावर अडचण एकच दिसत होती: गाठी. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. रक्तस्राव ही एक, लघवीचा त्रास ही दुसरी. तिसरी कुणी बोलूनच दाखवली नव्हती: पुढे मूल होऊ द्यायचं की नाही.

खोलीत पती, सासूबाई आणि बहीण सगळेच होते. सासूबाई म्हणाल्या, "हिच्या मावशीची काढली बत्तिसाव्या वर्षी. अजून उसाला जाते ती." मावशी बीड जिल्ह्यातल्या. तिकडे तरुण वयात गर्भाशय काढलेल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीसमोर आला होता. समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. मावशींना पुढे काय झालं, हे मी सुजाताताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चाळिशीच्या आतच अंगातून वाफा निघायला लागल्या, सांधे धरले. बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. बीजकोश ठेवले तरी ती काही वर्षं आधी येऊ शकते. मावशींचे बीजकोश ठेवले होते की काढले, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मग मी सगळ्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि सुजाताताईंना विचारलं, "मूल हवंय का?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, खरंच माहीत नाही. नको म्हणाले तर यांच्यावर अन्याय होईल असं वाटतं. हवं म्हणाले तर माझ्या मुलाला काय वाटेल? आणि माझं मलाच अजून कळत नाहीये."

केसपेपरवर आपल्याकडे 'कुटुंब पूर्ण' याच्यापुढे हो किंवा नाही लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं: अनिश्चित, शक्यता खुली ठेवायची. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या ओळीवर उभा राहिला. 'माहीत नाही' हे पूर्ण उत्तर आहे आणि त्याला धरून उपचार ठरवता येतो, हे मला इथे ठामपणे नोंदवायचं आहे. बहुतेक वेळा या उत्तराचा अर्थ आजूबाजूचे लोक आपापल्या सोयीने लावतात. सासूबाई 'हो' धरतात, शेजारीण 'नाही' धरते आणि डॉक्टर वय बघून ठरवतात.

गाठी कुठे आहेत

आधीच्या अहवालात सर्वात मोठ्या गाठीचा आकार होता, जागा नव्हती. उपचार ठरवायला तर आकारापेक्षा जागा जास्त उपयोगाची असते. म्हणून पाळी संपल्यावर लगेच योनिमार्गातून सोनोग्राफी केली. या दिवसांत गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ असतं आणि आत डोकावणारी गाठ स्पष्ट दिसते. त्यानंतर एमआरआय केला. एमआरआय प्रत्येकीला लागत नाही. इथे तो दोन कारणांसाठी हवा होता. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना हाताला गाठ चाचपता येत नाही, त्यामुळे नकाशा आधीच हाती असावा लागतो. दुसरं म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस नाही ना, हे पाहायचं होतं. त्यात अस्तराच्या पेशी स्नायूत पसरलेल्या असतात आणि गाठीसारखं काही वेगळं सोलून काढता येत नाही.

फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये गाठींची जागेनुसार ० ते ८ अशी वर्गवारी दिली. शून्य म्हणजे पूर्णपणे आतल्या पोकळीत देठावर लोंबणारी. आकडा वाढेल तशी गाठ भिंतीत आणि मग बाहेरच्या बाजूला सरकत जाते. सात म्हणजे बाहेर देठावर. आठ हा गर्भाशयाच्या मुखाशी किंवा इतरत्र असलेल्या गाठींचा प्रकार. मी कागदावर चित्र काढून हे समजावत होते, तेवढ्यात सुजाताताई म्हणाल्या, "म्हणजे एक गाठ अस्तराला, एक कापडात आणि एक वरच्या बाजूला." याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

त्यांच्या तीन गाठी अशा होत्या. पुढच्या भिंतीत साडेसात सेंटिमीटरची, स्नायूच्या आत, अस्तरापासून थोडी दूर, म्हणजे प्रकार ४. ही मूत्राशयावर दाबत होती. मागच्या बाजूला वर, अर्ध्याहून जास्त बाहेर आलेली चार सेंटिमीटरची, प्रकार ६. हिचा काहीच त्रास नव्हता. तिसरी मागच्या भिंतीवरून आतल्या पोकळीत शिरलेली, जेमतेम दोन सेंटिमीटरची, प्रकार १.

ही तिसरी गाठ आधीच्या अहवालात नव्हतीच. पोटावरून पाहताना समोरची मोठी गाठ लक्ष वेधून घेते आणि तिच्या मागचं झाकलं जातं. पण तीन वर्षांच्या रक्तस्रावाचं मुख्य कारण बहुधा हीच लहान गाठ होती. मोठ्या गाठीनेही गर्भाशय ताणून रक्तस्रावात भर घातली असेल, पण पोकळीत शिरलेली गाठ आकाराच्या मानाने फार जास्त रक्तस्राव घडवते. गर्भ रुजण्यात अडथळाही मुख्यतः याच जागेच्या गाठी आणतात. बाहेरच्या बाजूच्या गाठींचा गर्भधारणेशी फारसा संबंध नसतो.

कोणते पर्याय तोलले

गर्भाशय काढणं हा पर्याय मी त्यांच्यापुढे प्रामाणिकपणे ठेवला. तो वाईट उपचार नाही. गाठी पुन्हा होणार नाहीत याची खात्री देणारा तोच एक उपचार आहे, आणि ज्या बाईला तो समजून-उमजून हवा आहे तिच्यासाठी योग्यच आहे. तोही दुर्बिणीतून करता येतो. पण त्याने 'माहीत नाही'चं कायमचं 'नाही' झालं असतं. २०१७ मध्ये देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण याच पुण्यात झालं आणि २०१८ मध्ये अशा प्रत्यारोपणानंतरचं देशातलं पहिलं बाळही इथेच जन्मलं. ज्या शहरात गर्भाशय मिळवण्यासाठी बायका एवढं मोठं ऑपरेशन करून घेतात, तिथे असलेलं गर्भाशय आठवड्याभराच्या तारखेवर काढलं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या बंद करून गाठी सुकवण्याचा पर्यायही होता. यात मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून गाठींचा रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्यांत सूक्ष्म कण सोडतात. फायब्रॉइडवर हा उपचार होऊ शकतो हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलं. पोटावर छेद नाही, गर्भाशयही राहतं. सुजाताताईंच्या पतींनी याबद्दल वाचलं होतं आणि त्यांना हाच पर्याय आवडला होता. मूल नको असं निश्चित असतं, तर मीही त्याकडे झुकले असते. पण या उपचारानंतरच्या गर्भधारणेबद्दल पुरेशी खात्री देता येत नाही. मूल हवं असण्याची शक्यता असलेल्या बाईत गाठ काढणं हा पहिला पर्याय धरला जातो. ध्वनिलहरींनी गाठ आतल्या आत तापवून नष्ट करण्याचं तंत्रही त्यांना सांगितलं. ते आम्ही दोन कारणांसाठी बाजूला ठेवलं. गर्भधारणेबाबतची अनिश्चितता तिथेही होतीच, शिवाय तपासायला गाठीचा तुकडा हातात येत नाही.

हार्मोन सोडणारी तांबीसारखी साधनं गर्भाशयात बसवली की पाळी खूप कमी होते. पण पोकळीत गाठ असेल तर साधन निसटून बाहेर पडण्याची शक्यता वाढते. आणि लघवीचा त्रास राहिला असताच.

उरला गाठी काढण्याचा पर्याय. इथे खरी चर्चा झाली. कोणत्या काढायच्या?

फक्त आतली दोन सेंटिमीटरची काढली असती तर योनिमार्गातून दुर्बीण घालून काम झालं असतं. पोटावर छेद नाही, सकाळी दाखल आणि संध्याकाळी घरी. रक्तस्राव बराच थांबला असता. त्यांच्या बहिणीचा आग्रह हाच होता: आधी लहान ऑपरेशन करू, मग बघू. विचार रास्त होता. फक्त रक्तस्राव ही तक्रार असती, तर मी हेच सुचवलं असतं. पण लघवीचा त्रास मोठ्या गाठीचा होता, आणि त्यांना दुकान बंद ठेवणं एकदाच परवडणार होतं. दोन्ही एकाच भुलेत करायचं ठरलं.

चार सेंटिमीटरची मागची गाठ मात्र ठेवायची ठरली. गर्भाशयाच्या मागच्या बाजूला घेतलेल्या प्रत्येक छेदाजवळ आतडं, बीजनलिका, बीजकोश चिकटण्याचा धोका असतो. ज्या गाठीचा त्रास नाही आणि जिचा गर्भधारणेत अडथळा नाही, तिच्यासाठी तो धोका का घ्यायचा? हा निर्णय घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड गेलं. पती म्हणाले, "पोटात जाणारच आहात तर तीही काढा ना." तिथपर्यंत पोचणं अवघड नव्हतं, पण त्या छेदाने होणारं नुकसान फायद्यापेक्षा मोठं ठरलं असतं.

पोट उघडून ऑपरेशन करण्याचाही विचार झाला. गाठी दहा-बारा असत्या, तर मी तोच मार्ग धरला असता, कारण बोटांनी चाचपून लहान गाठीही सापडतात. मोठी गाठ एकच असताना दुर्बिणीच्या मार्गाने दुखणं कमी होतं, ताप कमी येतो, बाई लवकर उठते. गाठी पुन्हा होण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही पद्धतींत फरक आढळत नाही, हेही त्यांना सांगितलं.

आधी रक्त

घरच्यांची अपेक्षा होती की दोन बाटल्या रक्त चढवून पुढच्या आठवड्यात ऑपरेशन उरकावं. एका बाटलीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढतं. ते वाढतं, पण शरीरातला लोहाचा रिकामा साठा फारसा भरत नाही. शिवाय दुसऱ्याच्या रक्तामुळे प्रतिपिंडं तयार झाली तर पुढे गर्भारपणात ती अडचणीची ठरू शकतात. सुजाताताईंना त्या घडीला रक्तस्राव होत नव्हता, रक्तदाब ठीक होता, घाई करण्याचं वैद्यकीय कारण नव्हतं.

लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ४ होतं, म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. वजन ५६ किलो, हिमोग्लोबिन ७.४. १५ हे लक्ष्य धरून गणित केलं तर त्यांना सुमारे १५०० मिलिग्रॅम लोह हवं होतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज सलाइनमधून आधी १००० मिलिग्रॅम आणि आठवड्याने ५०० मिलिग्रॅम दिलं. दरम्यान पाळी थांबवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉन सुरू ठेवलं. एका बाजूने भरायचं आणि दुसऱ्या बाजूने गळू द्यायचं, असं चालणार नव्हतं.

पाळी बंद करून गाठी आकसवणारी महिन्याची इंजेक्शनंही देता आली असती. ती मी टाळली. त्यांनी गाठ आणि आजूबाजूचा स्नायू यांच्यातली सीमा पुसट होते आणि दुर्बिणीतून गाठ सोलणं अवघड जातं. या उपायांनी हिमोग्लोबिन सावरलं नसतं, तर तीच द्यावी लागली असती.

लग्नसराई सुरू होती. सुजाताताईंना हा वेळ शिवणकामासाठी हवाच होता. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झालं. धाप गेली होती. तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "ऑपरेशनआधीच निम्मी बरी झाले." माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा काळ हाच होता.

या काळात विम्याचं कामही झालं. पतींच्या कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत सुजाताताई होत्या. टीपीएने, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेने, विचारलं, गर्भाशय न काढता फक्त गाठ काढताय, म्हणजे हा वंध्यत्वाचा उपचार आहे का? तसा असता तर दावा नाकारला गेला असता. रक्तस्राव, ७.४ हिमोग्लोबिन आणि मूत्राशयावरचा दाब यांसाठी ऑपरेशन आहे, असं अहवाल जोडून लिहून दिलं. मंजुरी आली.

संमतीपत्र

छापील संमतीपत्रात एक ओळ होती: गरज पडल्यास गर्भाशय काढण्यास माझी संमती आहे. सुजाताताईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "गरज कुणी ठरवायची?"

प्रश्न अगदी योग्य होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात यावर स्पष्ट निकाल दिला आहे. एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, आणि सज्ञान रुग्ण भुलेखाली असताना नातेवाइकाने दिलेली संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. अपवाद फक्त जीव वाचवण्यासाठी तातडीने करावं लागणाऱ्या उपचाराचा. आम्ही ती ओळ खोडली. सुजाताताईंनी स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं: "रक्तस्राव कोणत्याही उपायाने थांबत नसेल आणि माझ्या जिवाला धोका असेल तरच गर्भाशय काढावं. इतर कोणत्याही कारणासाठी काढू नये." खाली सही. गरज पडल्यास पोट उघडणं आणि रक्त चढवणं यांना त्यांनी वेगळी संमती दिली.

मग त्यांनी मनातली भीती विचारली: "कॅन्सरची तर नसेल ना?" फायब्रॉइड स्वतः कॅन्सर नसतो. पण फायब्रॉइड समजून काढलेल्या गाठीत क्वचित सार्कोमा हा कॅन्सर निघतो आणि ऑपरेशनआधी तो खात्रीने ओळखणारी चाचणी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये हे प्रमाण साडेतीनशे ऑपरेशनांमागे एक असं दिलं होतं. त्यावर बराच वाद झाला आणि इतरांचे अंदाज कमी आले. वय वाढतं तसा धोका वाढतो. मोठी गाठ लहान छिद्रातून काढायला तिचे तुकडे करावे लागतात. तसे तुकडे पोटात मोकळे केले आणि नेमकी ती गाठ वाईट निघाली, तर पेशी पसरतात. म्हणून तुकडे बंद पिशवीतच करायचे. २०२० मध्ये त्याच प्रशासनाने अशी पिशवी वापरण्याची शिफारस केली. हे सगळं मी त्यांना ऑपरेशनआधी सांगितलं, आकड्यासकट. ऐकून त्या घाबरल्या नाहीत. पिशवी दाखवा म्हणाल्या, ती दाखवली.

ऑपरेशन

सुरुवात आतून केली. योनिमार्गातून दुर्बीण घालून, सलाइनने पोकळी फुगवून, आतली गाठ बायपोलर उपकरणाने काढली. अस्तराचा नमुना तपासणीला घेतला. या पद्धतीत सलाइन रक्तात शोषलं जातं, म्हणून आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा हिशोब सतत ठेवावा लागतो. निरोगी बाईत अडीच लिटरपर्यंतचा फरक चालतो. नुकत्याच रक्तक्षयातून सावरलेल्या आणि पुढे आणखी दोन तास भुलेखाली राहणार असलेल्या बाईसाठी आम्ही भूलतज्ज्ञांशी बोलून दीड लिटर ही मर्यादा ठरवली होती. ती ओलांडली असती तर तिथेच थांबून पोटाचं ऑपरेशन पुढे ढकलायचं, हेही ठरलं होतं. फरक ६०० मिलिलिटर आला.

मग पोटावर चार लहान छिद्रं. रक्तवाहिन्या आकसवणारं व्हेसोप्रेसिन पातळ करून गाठीभोवती दिलं. ते देताना भूलतज्ज्ञांना मोठ्याने सांगायचं असतं, कारण हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. छेद घेऊन गाठ सोलली. पोकळी वरच्या बाजूने उघडली नाही. काटेरी धाग्याने भिंत दोन थरांत शिवली. गाठ काढणं दिसायला मोठं काम वाटतं, पण पुढे गर्भारपण आलं तर त्या बाईची सुरक्षितता या शिवणीवर अवलंबून असते. शिवणीच्या आत रिकामी जागा राहू न देता, रक्त थांबवण्यासाठी जाळणं कमीत कमी ठेवून शिवायला जितका वेळ लागेल तितका द्यायचा असतो. इथे गाठ सोलण्यापेक्षा शिवायला जास्त वेळ लागला.

रक्त सुमारे ३०० मिलिलिटर गेलं, चढवावं लागलं नाही. गाठ बंद पिशवीत तुकडे करून काढली. वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरलं. मागची गाठ ठरल्याप्रमाणे ठेवली.

निकाल

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरी गेल्या. पॅथॉलॉजीच्या अहवालात दोन्ही गाठी साध्या फायब्रॉइडच्या आणि अस्तर निर्दोष. दोन आठवड्यांनी त्या दुकानात बसू लागल्या. कापडाचे गठ्ठे उचलणं सहा आठवडे बंद होतं. पहिली पाळी पाच आठवड्यांनी आली, चार दिवस चालली, गुठळ्या नव्हत्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६. लघवीचा त्रास गेला, आणि त्या दुकानात पाण्याची बाटली ठेवू लागल्या.

ऑपरेशननंतर सातव्या महिन्यात एक वळण आलं. पोटात गॅसचं दुखणं झालं म्हणून त्यांनी घराजवळ सोनोग्राफी केली. अहवालात आलं: गर्भाशयात चार सेंटिमीटरची गाठ. घरात गोंधळ उडाला. "अर्धवट ऑपरेशन केलं", "पुन्हा झाली, तेव्हाच पिशवी काढायला हवी होती". सासूबाई तर रडत होत्या. आम्ही काढलेलं चित्र सुजाताताईंकडे फाइलमध्ये होतं. त्यांनी ते सगळ्यांसमोर काढलं, मागच्या गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हीच ती. ठेवायचं माझ्याशी बोलून ठरलं होतं."

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा तोटा ऑपरेशनच्या कितीतरी आधी झाला. पहिल्याच वर्षी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून, योनिमार्गातून सोनोग्राफी झाली असती, तर आतली गाठ तेव्हाच सापडली असती. दोन तासांत पॅड भिजणं, गुठळ्या पडणं, रात्री कपडे खराब होणं यांपैकी काहीही नेहमी होत असेल तर एवढ्या तपासण्या व्हायला हव्यात. लोहाच्या गोळ्या सोसत नाहीत असं बाई म्हणाली, तर सलाइनमधून देता येतं हेही तिला तेव्हाच कळायला हवं. ७.४ पर्यंत वाट पाहायची गरज नव्हती.

सोनोग्राफीच्या अहवालात 'अनेक गाठी' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक गाठीची भिंत, आकार आणि अस्तरापासूनचं अंतर लिहिलेलं असलं की पुढची चर्चा वेगळी होते. ते नसेल, तर रुग्णाने विचारावं: गाठ आत आहे, भिंतीत आहे की बाहेर?

सातव्या महिन्यातला गोंधळ टाळता आला असता. चित्र सुजाताताईंकडे होतं, पण सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांकडे पोचलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावरच मराठीत 'या जागेची एवढी गाठ मुद्दाम ठेवली आहे, कारण असं' अशी ओळ आणि शेजारी लहान आकृती असली, तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना ती दिसते. आमच्याकडे आता तशी जागा कार्डावरच ठेवली आहे.

मागची गाठ ठेवण्याबद्दल दुसरं मत असू शकतं, हेही सांगायला हवं. काही सहकारी ती काढली असती असं म्हणतात, कारण पुढे ती वाढली तर दुसरं ऑपरेशन येईल. हा युक्तिवाद मला पूर्ण नाकारता येत नाही. सुजाताताई २८ वर्षांच्या असत्या आणि पुढे पंधरा-वीस वर्षांची पाळी बाकी असती, तर मीही वेगळं ठरवलं असतं. ३८ व्या वर्षी, रजोनिवृत्तीनंतर गाठी आकसतात हे धरून, ठेवणं मला जास्त बरोबर वाटलं.

सध्याची स्थिती

ऑपरेशनला एक वर्ष होऊन गेलं. मागची गाठ ४.२ सेंटिमीटर आहे. सोनोग्राफीतल्या मोजमापात एवढा फरक दोन वेगळ्या हातांनीही पडतो, त्यामुळे तिला वाढ म्हणता येत नाही. पुढची तपासणी वर्षाने आहे. फेरिटिन सहा महिन्यांनी पाहायचं ठरलं आहे.

मूल होऊ द्यायचं की नाही, हा निर्णय अजून झालेला नाही. गेल्या भेटीत पती-पत्नी दोघं बरोबर आले होते आणि वंध्यत्वतज्ज्ञांना भेटून या वयात किती शक्यता आहे याचा अंदाज घ्यायचं म्हणत होते. गर्भधारणेसाठी सांगितलेलं सहा महिन्यांचं थांबणं संपलेलं आहे. दिवस राहिलेच तर कोणत्याही डॉक्टरांना दाखवण्यासाठी त्यांच्या फाइलमध्ये ऑपरेशनची टिपणं आहेत: छेद पुढच्या भिंतीवर, दोन थरांत शिवलेला, पोकळी वरून उघडलेली नाही, प्रसूतीची पद्धत आधी ठरवावी आणि कळांची वाट पाहत घरी थांबू नये.